पाठवणीपर्यंतची कॅसेट

घुग्घुसच्या कॉलनीतल्या आमच्या टीव्हीच्या पाठीला एकच भोक होतं, अँटेनाचं. बाबांनी नवा डीव्हीडी प्लेअर आणला, त्याच्यासोबत तीन वायरी आल्या: पिवळी, लाल, पांढरी. खोचायच्या कुठे? खाणीतली पाळी संपवून आलेले बाबा वायरी हातात धरून उभे राहिले. "दुकानात इचारून येतो," म्हणाले. मला रागच आला. मी चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. घरात डिप्लोमावाली असताना दुकानात कशाला?

प्लेअर आणला होता आईसाठी. माझी मोठी बहीण, ताई, जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून आईचं कशातच लक्ष नव्हतं. सिनेमा पाहून तरी दोन घटका हसेल, एवढीच बाबांची आशा.

मी डोकं लढवलं. आमच्या जुन्या व्हीसीआरला पिवळं आणि पांढरं भोक होतं आणि त्याची केबल टीव्हीच्या अँटेनात जात होती. मग नवं मशीन जुन्या मशीनला जोडलं, जुनं टीव्हीला. लाल वायर लोंबकळत राहिली. व्हीसीआरचा रिमोट कधीचाच बिघडला होता, मशीनच्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली होती. मी एकेक बटण दाबत गेले. मुंग्या, निळा पडदा, पुन्हा मुंग्या. मग दोन बटणं एकदम दाबली आणि पडद्यावर हिरो उभा राहिला. बाबांनी टाळी वाजवली. "पाह्यलं? माही पोरगी हाये!" मी अशी ऐटीत बसले की विचारू नका. आई खरंच हसली, दोनदा.

सिनेमा संपल्यावर वायरी काढताना व्हीसीआरवरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा दिसला.

आत ताईच्या लग्नाची कॅसेट होती. कपाटात ठेवली तर कोळशाची धूळ शिरते, म्हणून आई ती मशीनमध्येच राहू द्यायची, वरून क्रोशाचं झाकण घालायची. हे मला माहीत होतं. माहीत असून विसरले. अडीच तास ते मशीन लग्नावर सिनेमा भरत होतं.

शूटिंगवाला कॅसेट द्यायला आला तेव्हा म्हणाला होता, "सगळ्यावर गाने टाकले बाई, बिदाई तशीच ठेवली. पोरीचा आवाज हाये तिथी." जीपमध्ये बसताना ताई आईला काहीतरी बोलली होती, पण आई तेव्हा घेरी येऊन ओट्यावर पडलेली. पाठराखीण म्हणून मी जीपमध्येच होते. मी खिडकीच्या जागेसाठी मावसभावाशी भांडत होते. ऐकलं फक्त कॅमेऱ्याने.

कॅसेट आली त्याच दिवशी आम्ही ती लावली होती. पाठवणी आली तशी आईने उठून बंद केली. "हे नाई पाह्यवत मले. ते घरी आली का तिच्यासंगच पाहू." दिवाळीला ताई एटापल्लीकडच्या सासरहून आली, तर म्हणाली, "मी इथी बसून आहो, अन् टीव्हीत काऊन पाह्यता मले?" ते खरंच होतं, म्हणून राहिलं. त्या थंडीत सासरी तिच्या डोक्यात ताप शिरला. मलेरिया. गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग मशीनला कोणी हात लावला नाही. कॅसेट आईने थांबवली तिथेच थांबलेली होती.

मी कोणाला काही सांगितलं नाही. चार महिने भेकडासारखी गप्प राहिले.

मग एका दुपारी आई म्हणाली, "आज लाव पोरी. आता ऐकाचं हाये मले."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी कॅसेट मागे घेतली आणि लावली. हळद, मांडव, जेवणावळी. ताईचे ओठ हलत होते आणि वर गाणी वाजत होती. आई पदर तोंडाशी धरून पुढे सरकली. ताई ओट्यावर आली, आईच्या गळ्यात पडायला वळली, आणि हिरो नाचायला लागला.

"पुढं कर," आई म्हणाली.

"पुढं नाई हाये, माय. माह्या हातानं पुसलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हिरोकडे पाहतच विचारलं, "तू तं जीपीत होती. काय म्हने ते?"

मी म्हटलं, "म्हने, माय, रडू नको."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"नाई. ते असं बोलेच नाई."

ती उठली. मी कॅसेट काढायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. पदराने व्हीसीआर पुसला, क्रोशाचं झाकण नीट पसरलं.

"राहू दे आतच," म्हणाली. "धूळ बसते."