तुटक रेषेतलं घर

सुहासिनीताईंनी दुबईत अकरा वर्षं व्हिला काढले. कागदावर. आमच्या कन्सल्टन्सीत त्या सीनिअर ड्राफ्ट्समन. बाई असल्या तरी कार्डावर तेच छापलेलं. त्यांच्या प्लॅनमधली भिंत म्हणजे ठसठशीत, अखंड रेष. दोन हजार आठच्या शेवटी मंदीत एकेक प्रोजेक्ट थांबलं आणि मार्चमध्ये ऑफिसच बंद झालं. नवरा सुरेश त्याच कंपनीत साइटवर, त्यामुळे दोघांचा व्हिसा एकदमच खलास. महिन्याभरात अल बर्शातलं घर आवरून पुण्याला परतायचं होतं.

अशा वेळी ताई काय करत होत्या? सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी पहाटे उठून खणायला जात होत्या!

डोंगरातल्या एका वादीत, म्हणजे पाऊस झाला तरच वाहणाऱ्या नदीच्या खोऱ्यात, एक फार जुनं घर गाडलेलं होतं. तिथे रोमन काचेचे तुकडे सापडले म्हणून आम्ही हौशी मंडळी त्याला ‘रोमन व्हिला’ म्हणायचो. राहणारा खरंच रोमन होता की रोमशी व्यापार करणारा इथलाच कुणी, कुणाला ठाऊक! दोन खड्डे आणि एका भिंतीचा पाया, एवढंच उघडं. बाकी सगळं घर गोट्यांखाली. उत्खननाच्या प्रमुख अनुपमा मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईंचा नकाशा पाहिला आणि खोडरबर पुढे केलं.

“ही पूर्वेची भिंत तुम्ही पाहिलीत?”

“नाही. पण असणारच ना?”

“मग तुटक रेष. डोळ्यांना दिसेल तेवढीच अखंड.”

ताईंना हसूच फुटलं. “म्हणजे जी घरं कधी झालीच नाहीत ती मी अखंड काढली, आणि हे दोन हजार वर्षं इथे बसलंय ते तुटक?”

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला. जाण्याआधी यातली एक तरी रेष अखंड करायची.

शेवटच्या शुक्रवारी एकच छोटा खड्डा घेता येणार होता. “जागा तुम्ही निवडा,” मॅडम म्हणाल्या. ताईंनी टेप लावला, खोलीची रुंदी धरली आणि बाभळीजवळ खूण केली. “उघडी भिंत इथे वळून पूर्वेची होणार. पैज!”

“हिचे कोपरे साइटवर कधी जुळले नाहीत,” सुरेश म्हणाले.

“जुळवणारे तुम्ही होतात ना!”

आम्ही भराभर खणू लागलो. भिंत सरळ आली, खुणेपर्यंत आली आणि संपली. वळली नाही, नुसती संपली. पुढे सगळे गोटे.

“आई, इट्स जस्ट अ वॉल. कॅन वी गो?” ईश्वरी, त्यांची मुलगी, उन्हाला वैतागली होती.

“पुराने नेली असेल,” मॅडम हळूच म्हणाल्या.

ताईंच्या हातातली खुरपी तशीच राहिली. तेवढ्यात सुरेश खड्ड्यात उतरले. “भिंत अशी मध्येच सोडतं का कुणी? पलीकडे बघू तरी.” पावलाभर अंतर सोडून त्यांनी खरवडायला घेतलं. खट्ट! दगड. त्याला लागून दुसरा. त्याच ओळीत!

“भिंत परत सुरू होतेय!” मी ओरडलोच.

ताई गुडघ्यांवर बसून मधले गोटे दोन्ही हातांनी उपसायला लागल्या. खाली एक लांबट, सपाट दगड निघाला. मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. एका टोकाला वाटीएवढा गोल खळगा.

“दाराची खुंटी फिरायची ती इथे,” मॅडमचा आवाज चढला. “कोपरा नाही, सुहासिनी, दार आहे हे!”

ईश्वरीने खड्ड्यात उडी मारली आणि त्या दगडावर पाय टेकणार, तोच ताई किंचाळल्या, “उंबरठ्यावर उभी राहू नकोस!”

आमची हसून हसून पुरेवाट. ईश्वरीने पाय उचलून पलीकडे टाकला. “ओके, ओके! सो अ‍ॅम आय इनसाइड ऑर आउटसाइड?”

ते कुणालाच सांगता येईना. पुढचं सगळं अजून जमिनीखालीच होतं.

सापडलेलं पुरात वाहून जाऊ नये म्हणून दुपारी खड्डा परत बुजवायचा होता. सुरेश फावडं घेऊन तयार होते. गाडीत बसून ड्रायव्हर रफिकभाई हॉर्न देत होते, “दीदी, यल्ला, जल्दी चलो! ट्रॅफिक लगेगा!”

“थांबा हो, दार काढतेय!”

बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत मांडीवर बोर्ड घेऊन ताईंनी पट्टी धरली, पेन्सिल दाबली आणि तुटक रेषेवरून हात फिरवला: भिंत, मधला उंबरठा, पुन्हा भिंत. पूर्वेची बाजू तशीच तुटक ठेवली. मग कागद मॅडमच्या हातात देऊन त्या सुरेशना म्हणाल्या, “टाका आता माती. हळू हं.”