डाव्या पायाचा मोजा

महिन्यापूर्वी सकाळी दत्तूच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला. "काका, आण्णा गेले..." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "विमानात?" "नाय हो काका, झोपेत." विमान तर चार वर्षं शेडमधून हललंही नव्हतं. पण दत्तूच्या मरणाची भीती मी एवढी वर्षं एकाच रूपात बाळगली होती, आणि त्या भीतीला कारण मीच होतो.

दत्तू निफाडकडच्या बागायतदार घरातला, विमानांच्या कारखान्यात फिटर. नव्वदचं दशक संपता संपता नोकरी सोडली आणि द्राक्षं भरायच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला बसला. मी चित्रकलेचा मास्तर, शिडी चढतानाही देवाचं नाव घेणारा. पण माझी रेघ सरळ येते, एवढ्या भांडवलावर त्याने मला कामाला धरलं. चाकांचे पाय पोलादी पट्टीचे. वारा नीट कापला जावा म्हणून त्यांवर फायबरची निमुळती आवरणं चढवायची. दत्तू त्यांना मोजे म्हणायचा. मोजा जरा तिरका बसला, की वारा विमानाला एका अंगाला ओढणार. त्यात जमिनीवर वजनाने पाय फाकतात आणि हवेत आवळतात. म्हणून विमान चेनपुलीने टांगायचं, ओळंबा सोडायचा आणि फरशीवरच्या खडूच्या रेघेशी मोजा जुळवायचा.

उजवा पाय आम्ही दोघांनी तसाच केला. डाव्याच्या दिवशी दत्तू लासलगावला लग्नाला गेला. गड्यांनी विमान टांगून दिलं, मी खाली शिरलो... आणि साखळी करकरली. माझं धाबंच दणाणलं. "खाली घ्या," मी गड्यांना म्हणालो, आणि विमान चाकांवर उभं असतानाच मोजा जुळवून टाकला. पाय तोच, फरक कितीसा पडणार!

पहिलं उड्डाण एका जुन्या धावपट्टीवर झालं. विमान उठलं आणि डावीकडे ओढू लागलं. सुकाणूचं एक पेडल सगळा वेळ दाबून धरून दत्तूने कसंबसं उतरवलं. बाहेर आला तेव्हा त्याची मांडी थरथरत होती.

"मास्तर, डावा मोजा टांगूनच जुळवला व्हता ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग चूक माझीच," म्हणून तो आठ दिवस शेपटीचं सुकाणू खोलत बसला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा तर मी स्वतःच पाळला होता. बायकोलाही सांगायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या उड्डाणाच्या सकाळी इंजिन सुरू झालं आणि मला राहवेना. धावपट्टीवर जाऊन हात पसरून उभा राहिलो. दत्तूने इंजिन बंद केलं. मी सगळं सांगून टाकलं. तो ओरडला नाही. "मेलो असतो रे मी," एवढंच म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

विमान शेडमध्ये परत आणलं, टांगलं. ओळंबा त्याने माझ्याच हातात दिला. दोन तास मी त्या साखळीखाली घामाने निथळत होतो. मोजा बसल्यावर तो म्हणाला, "आता शेजारी बसायचं. ज्यानं तपासलं, त्यानं बसायचं. आम्हा फिटरांचा रिवाज हाय."

चाचणीच्या उड्डाणात दुसरा माणूस कागदोपत्री चालणारा नव्हता, आणि मला तर नकोच होतं. तरी बसलो, डोळे गच्च मिटून. वर गेल्यावर त्याचा आवाज आला, "डोळे उघड, मास्तर. माझे पाय बघ." दोन्ही पाय पेडलांवरून काढून त्याने मागे ओढून घेतले होते. विमान सरळ चाललं होतं. मी रडलो. त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दहाव्याला शेडमध्ये गेलो. "बसा ना काका, तुमचीच जागा हाय," वैशाली म्हणाली. बसलो. शेजारी दत्तूची सीट, उशी मधोमध खोल दबलेली. विमान जमिनीवर, चाकांना विटा लावलेल्या. तरी दोन्ही हातांनी मी सीट घट्ट धरली... आता खाली कोण उतरवणार?