मॅडम लिम यांचा काढा

ईशा, अर्णव, आमच्या शेजारच्या मॅडम लिम पर्थला लेकीकडे वारल्या, असा काल फोन आला. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही. पण आपल्या घरावर त्यांचे उपकार आहेत, म्हणून आजच लिहायला बसले.

सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या इमारतीत, आमच्या मजल्यावर रोज संध्याकाळी त्यांच्या काढ्याचा उग्र वास पसरे. मातीच्या भांड्यात साली, मुळं, सुकी फुलं उकळत. मला त्यातलं ज्येष्ठमध तेवढं ओळखू येई. काढा नवऱ्यासाठी असे. अंकल लिमना सिगरेटचं जुनं व्यसन. छाती वरचेवर धरायची.

"फुप्फुसं हीटी झालीत, लाह! आत चूल पेटवलीस तू," असं सिंगापुरी ढंगात बडबडत त्या वाडगा पुढे करत. अंकल मुकाट्याने पीत. खोकला थांबला, की जिन्यात जाऊन सिगरेट पेटवत. सोबतीला तुमचे आजोबा. पुढे आजोबाही खोकू लागले, तेव्हा मॅडम लिम त्यांच्यासाठीही वाडगा भरू लागल्या.

"मिस्टर देव, तोंड वाकडं नका करू. माझा म्हातारा बघा, बिअरसारखा पितो!"

"ही दुरुस्त करते, म्हणून मला बिघडवता येतं," अंकल हसत म्हणायचे.

सार्सची साथ आली त्या वर्षी अंकलना न्यूमोनिया झाला. तो सार्स नव्हता, पण इस्पितळात भेटायला बंदी सगळ्यांनाच होती. मॅडम लिम थर्मासमध्ये काढा घेऊन गेल्या आणि फाटकावरून तशाच परतल्या. "औषध नर्स देईल," त्या मला म्हणाल्या, "पण त्याच्यावर ओरडणार कोण?"

अंकल इस्पितळातच गेले. जवळ घरचं कोणी नव्हतं.

पुढच्या महिन्यात आजोबांची छाती भरली. सवयीने त्यांनी शेजारचं दार वाजवलं; मी आमच्या दारात उभी होते. मॅडम लिमनी लोखंडी जाळी उघडलीच नाही.

"काढा नाही. डॉक्टरकडे जा."

"थोडासा, मॅडम."

"माझा काढा चांगला होता, मिस्टर देव. खोकला थांबायचा, म्हणूनच तो ओढत राहिला. आता आणखी कोणाला ओढायला मदत करणार नाही मी."

दार लागलं. आतून त्यांचं रडणं आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. आजोबा घरात आले आणि खिशातलं सिगरेटचं पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं.

त्यानंतर मॅडम लिमनी काढा केला नाही. फ्लॅट विकून त्या पर्थला गेल्या.

तुमचे आजोबा अजून आहेत. चालताना धाप लागते, मध्येच थांबतात, पण आहेत.