रोडग्यांचा वास

भातकुलीच्या आमच्या शेतात दरवर्षी मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य असतो. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि खरपूस वास सुटला की काढायचे. तो वास ओळखून ‘काढा’ म्हणायचा मान माझ्या वडिलांचा, महादेवरावांचा. मध्ये तोंड घालायची काकांचीही टाप नव्हती.

गेल्या वर्षी रोडगे करपले. लांब बसलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले, आणि बाबा निखाऱ्याशेजारी बसून म्हणतात, “थांबा, अजून वेळ हाय!” मला लाज वाटली, रागही आला. घरी येऊन मी त्यांचे डोळे झाकले आणि हिंगाची डबी नाकाशी धरली.

“हळद,” ते म्हणाले.

बाबांनी उभं आयुष्य अमरावतीच्या गॅरेजात गाड्यांना स्प्रेने रंग मारला, तोही बंद शेडमध्ये, नाकाला नुसता रुमाल बांधून. थिनरच्या वाफांनी वास गेला असावा, परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना धास्ती वेगळीच. “कोणाले सांगू नको रागिणी. निखाऱ्यापाशी मले कोण बसू देईन?”

मी तोंड उघडलं नाही. त्यांनीच उघडलं. एका दुपारी गॅरेजातला त्यांचा जोडीदार कुंदन डबा खात असताना त्याच्या वरणावर बाबांना फेस दिसला. वरण आंबलं होतं आणि हा गडी मिटक्या मारत होता. बाबांनी डबा हिसकावला आणि तसाच मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“मले वास येत नाई. यालेबी येत नाई. वाफ बाहेर फेकणारा पंखा आन् चांगले मास्क आणा, मंगच आमी रंगाले हात लावू.”

मालक चिडला, हाकलून देईन म्हणाला. बाकीचे रंगारीही बाबांच्या मागे येऊन उभे राहिले, तेव्हा नरमला. आता शेडमध्ये पंखा आहे, मास्क आहेत. माझा बाप असा हट्टी आहे, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

यंदा शेतात सगळे जमल्यावर बाबा स्वतःच उभे राहिले. “कामानं माहं नाक गेलं. वास रागिणी सांगते, रोडगे मी काढतो.” कोणी हसलं नाही. काकांनीच मला पुढे जागा करून दिली.

वास सुटला, तशी मी ओरडले, “काढा, बाबा!”

पहिला रोडगा फोडून त्यांनी सवयीने नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं.

“खरपूस हाय, बाबा,” मी म्हटलं. “तुमी काढत होते, तसाच.”