विरजण लावणारा हात

जेवणाचा डबा तसाच बंद आहे आणि वैजयंतीबाईंच्या पापण्या मात्र मिटायला लागल्यात. आनुवंशिक आजारांचा शोध घेता घेता मिरजेच्या या प्रयोगशाळेत त्यांचे केस पिकले. तरी रिपोर्ट घेऊन एखाद्या आईसमोर बसायचं म्हटलं की डबा उघडायचा राहतो तो राहतोच. आज बाहेरच्या बाकावर सारिका बसलीय. तिच्या लेकराच्या पायांतली ताकद चाललीय. दोष आहे मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशींना शक्ती पुरवणाऱ्या बारीकशा चुलींत. आणि या चुली लेकराला मिळतात त्या फक्त आईकडून. हे सारिकेला सांगायचं कसं? सासरचे लोक तर दोष तिच्या पदरात टाकायचीच वाट बघतायत.

चहासाठी आणलेलं वाटीभर दूध टेबलावर राहिलंय. कोपऱ्यात सेंट्रीफ्यूजचं यंत्र एका सुरात घुमतंय. बाई टेबलावर डोकं टेकतात. जरा वेळ, उगीच.

घुमण्याचा आवाज सैल होत जातो आणि त्याची रवी होते. यंत्राशेजारी जमिनीवर आई बसलीय, रवीची दोरी ओढत. आईला जाऊन वर्षं लोटली, हे बाईंना ठाऊक आहे. पण आता ते बोलून दाखवणं बरं दिसायचं नाही.

"कवाधरनं नुसतं फिरतंय तुझं यंत्र," आई म्हणते. "काय काढतीस गं त्यातनं?"

"पेशी फोडल्या की त्यातल्या चुली वेगळ्या काढते."

"म्हंजी लोणीच की!"

"तसंच काहीतरी," बाई हसतात आणि नमुने ठेवायचं थंड कपाट उघडतात. आत नळ्या नाहीत. आत तासगावच्या घराचं स्वयंपाकघर आहे. भरदुपारी अंधारून आलंय, आणि आई विळीवर बसलीय. पुढ्यात लाल भोपळा.

"चिरू नकोस," बाईंच्या तोंडून निघून जातं.

"गिराण लागलंय न्हवं? तुझी आत्याबी म्हनली, थांब. पर पावणं उपाशी हुतं वैजू, कसं थांबू? चिरला भोपळा. आन् माझ्या दिल्याचं पाय गेलं."

दिलीप, बाईंचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आत गेला. गर्भारपणी ग्रहणात विळीला हात लावला म्हणून पोर गेलं, असं आईनं मरेपर्यंत मानलं. घरानंही तिला ते मानू दिलं.

"ग्रहणाचा काही संबंध नव्हता, आई. खरंच नव्हता."

"मग कशानं गेला?"

स्वप्नातलं खोटं कोण तपासायला येतंय? पण आई बघतेय.

"ते तुझ्याकडून आलं. तुला तुझ्या आईकडून. माझ्यातही आहे, पण माझ्या वाट्याला थोडं आलं. दिलीपला जास्त."

आई रडत नाही. विळी आडवी करून ठेवते आणि पदराला हात पुसते.

"म्हंजी विरजणावाणी," ती सावकाश म्हणते. "माझ्या आईला तिच्या आईनं दिलं. माझं लगीन झालं तवा म्या गाडग्यातनं हितं आणलं. कवा घट्ट लागतं, कवा नासतं. लावणाऱ्या हातानं काय करावं?"

"हाताचा दोष नाही, आई."

"मग भाईर बसलेल्या त्या पोरीला आदी ह्येच सांग. तुझ्या चुली मागनं." ती भोपळा दूर सारते. "एका भोपळ्यापायी सारा जलम जाळला म्या. कुनी सांगाया हवं हुतं, वैजू."

बाईंना रडू कोसळतं. डोळे पुसून बघतात तर स्वयंपाकघर नाही, प्रयोगशाळेचा पांढरा उजेड आहे आणि आई टेबलापाशी उभी आहे. दुधाच्या वाटीत ती बोट बुडवते.

"दूध असं उघडं ठिवू नये," ती पुटपुटते.

"मॅडम?"

बाई दचकून उठतात. गाल ओला आहे. यंत्र थांबलंय. दारात सारिका उभी आहे, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"मॅडम, रिपोर्ट वाचायच्या आदी येक सांगती. ह्यो पोटात हुता तवा म्या गिराणात सुईदोरा हातात धरला हुता. सासूबाई म्हंत्यात, त्यानंच झालं. खरं हाय व्हय?"

"नाही गं. अजिबात नाही." बाई आपली खुर्ची ओढून तिच्याजवळ नेतात, तिला बसवतात. मग फाइल घ्यायला हात पुढे करतात आणि तो तिथंच थांबतो. वाटीतल्या दुधाचं दही लागलंय. घट्ट, पांढरंशुभ्र. मधोमध बोटाएवढा एक खड्डा.

त्या फाइल राहू देतात.

"सारिका," त्या विचारतात, "तुझ्या घरात विरजण कुठलं गं?"

सारिका गोंधळते, मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल होतो.

"माझ्या आईचं," ती म्हणते. "लगीन झालं तवा दिलं हुतं तिनं."