ओटीतले चार दाणे

शिकायला म्हणून ऑस्ट्रेलियाला जायला कराडच्या घरातून निघाले त्या दिवशी आईने माझी ओटी भरली. खण, नारळ, हळदकुंकू लावलेले तांदूळ. बाहेर गाडी उभी होती आणि बाबा दर दोन मिनिटांनी पासपोर्ट घेतलास का म्हणून विचारत होते. शेजारच्या काकूंनी शंका काढलीच, की अजून लग्न कुठे झालंय पोरीचं. आई म्हणाली, इतक्या लांब चाललीय, सासरी जाण्यापेक्षा हे काय कमी आहे? मी जीन्सवर ओढणी पसरून पाटावर बसले. ओटी भरून झाल्यावर आईने तांदळाचा डबा पुढे केला. "चार दाणे परत टाक. घर भरलेलं राहू दे." माहेराहून निघणाऱ्या लेकीने हे करायचं असतं. मी टाकले आणि उरलेली ओटी रुमालात बांधून बॅगेत ठेवली.

अ‍ॅडलेडच्या विमानतळावर उतरले तर समोर भलामोठा फलक. फळं, बिया, धान्य, सगळ्यांवर लाल काट. मला कोणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. पण व्हिसा जाईल, परत पाठवतील अशी काय भीती वाटली, की रांगेत उभं राहायच्या आधीच मी नारळ आणि तांदूळ तिथल्या पिंपात टाकून मोकळी झाले. खण तेवढा वाचला. मॉसन लेक्सला, युनिव्हर्सिटीजवळच्या रूमवर पोचल्यावर आईचा फोन आला. "पोचलीस का रूमवर? तांदूळ शिजवलास?" मी म्हटलं, हो, रूमवरच्या आम्ही पाचही मुलींनी भात खाल्ला. आठवड्याभरात ही बातमी आमच्या सगळ्या गल्लीत झाली.

तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले त्यांना हे खोटं मोठं वाटेल. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना वाटणार नाही, कारण प्रत्येकाच्या नावावर असं एखादं आहेच. जेवले म्हणून सांगायचं, थंडी नाही म्हणून सांगायचं. पुढे मॉसन लेक्स सुटलं, दोन वर्षं डार्विनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली, निखिलशी लग्न झालं, इरा झाली, सिडनीत कॅसल हिलला चार खोल्यांचं घर झालं. मागे कढीपत्ता लावला, तो माझ्या उंचीचा झाला. पण आईचा फोनवरचा प्रश्न काही बदलला नाही. "पोचलीस का रूमवर?" मी हसून हो म्हणायची, आणि दर वेळी थोडी चिडायचीही.

गेल्या डिसेंबरात ती पहिल्यांदा आली. एकटीच. दोघंही आलो तर तुळशीला पाणी कोण घालणार, असं म्हणून बाबा मागे राहिले. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिने एकदा तरी या जागेला माझं घर म्हणावं. बाई तीन आठवडे माझ्या ओट्याशी उभी राहून फोडण्या घालत होती, पण बोलण्यात सारखं 'तुमच्या इथे'. बाबांना फोन केला की, "मी आत्ता हिच्या रूमवरच आहे." बत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, पण चार खोल्या तिला काही मोजता येईनात.

जानेवारीत आम्ही तिला कॉझिउस्कोच्या डोंगरांवरची तळी दाखवायला नेलं. जिंडाबाईनला मुक्काम केला आणि सकाळी निखिलने मला, आईला आणि इराला शार्लट पासला सोडलं. तो स्वतः गुडघ्याचं निमित्त सांगून कॉफी प्यायला गेला. आई कराडला रोज संगमापर्यंत चालत जाते, त्यामुळे दमलो ते आम्हीच. पंजाबी ड्रेस, माझे जुने बूट आणि पाठीला इराची सॅक, असा तिचा थाट. स्नोई नदी ओलांडून चढण लागली. दोन्ही बाजूंना पांढरी रानफुलं, आणि इकडच्या भर उन्हाळ्यात वरच्या कड्यांच्या सावलीत बर्फाचे तुकडे राहिलेले. आधी खाली एक छोटं तळं दिसलं, मग वळणावर मोठं. ब्लू लेक. ते खरंच निळं होतं आणि अगदी शांत.

काठाशी उतरल्यावर तिने सॅक उघडली. आतून खण निघाला, नारळ निघाला आणि स्टीलच्या डबीत तांदूळ. कराडला ती कृष्णामाईची ओटी भरते. नव्या पाण्याला रिकाम्या हाताने भेटायचं नाही, हा तिचा नियम. इरा घाबरली. "आजी, यू कान्ट! इट्स अ नॅशनल पार्क. देअर आर फ्रॉग्ज अँड एव्हरीथिंग." मी मराठीतून तेच जरा गोड करून सांगितलं. या पाण्यात काहीच टाकायचं नसतं.

आईने डबीचं झाकण लावलं. रागावली नाही, पण चेहरा उतरला. "बरं," ती म्हणाली. "पाण्याला नको तर नको. तुला तरी माझा तांदूळ आणू दिला होता या लोकांनी, तेवढं खूप झालं."

आता मात्र मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. पिंप, भीती, न शिजवलेला भात. पंधरा वर्षांनी, तेही चाळिशीला टेकलेली बाई, शाळेत मार खाल्लेल्या मुलीसारखी रडत होते.

आईने ओढणीच्या टोकाने माझे डोळे पुसले. मग म्हणाली, "माझाही गेला."

तिने येताना माझ्यासाठी ओटी आणली होती. सिडनीला अधिकारी बाईंनी विचारलं, हिने रुमाल सोडून दाखवला आणि तांदूळ-नारळ तिथेच राहिले. सॅकमधले होते ते माझ्याच स्वयंपाकघरातले. मला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती. "तेव्हाच कळलं मला, तुझाही गेला असणार. तीन आठवडे वाट बघतेय, कधी बोलतेस."

मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की वरून जाणाऱ्या एका आजोबांनी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. आईने मला पाण्यापासून लांब, एका सपाट दगडावर बसवलं आणि जॅकेटच्या घोळात माझी ओटी भरली. कुंकू लावलं. खाली सांडलेला दाणा न् दाणा इराने वेचून खिशात घातला. सवयीने मी परत टाकायला चार दाणे उचलले आणि अडले, कारण टाकायचे कुठे? आई म्हणाली, "राहू दे. ते निघताना करायचं असतं."

मार्चमध्ये ती परत निघाली. निखिल बॅगा गाडीत भरत होता आणि दर दोन मिनिटांनी पासपोर्ट विचारत होता. मी आईला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि माझ्या डब्यातल्या तांदळाने तिची ओटी भरली. वाकून नमस्कार केला. ती उठली, पदर एका हाताने सावरला आणि दुसऱ्या हाताने ओट्यावरच्या माझ्या डब्याचं झाकण काढलं. ओटीतले चार दाणे घेऊन तिने त्यात टाकले.

"आई, हे माहेरी करतात ना?"

"मग?" ती झाकण लावत म्हणाली. "घर भरलेलं राहू दे."