पिनरमधले एकवीस मोदक

झाकण उघडलं आणि मला माझे मोदक दिसले.

लंडनच्या पिनर भागातल्या एका घराचं स्वयंपाकघर. ओट्यावर उरलंसुरलं टाकायचा छोटा डबा होता. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, देते घरोघरी. मी चहाची पिशवी टाकायला गेले होते. बटाट्याच्या सालींवर एकवीसच्या एकवीस पडलेले. अजून मऊ. काही दबून फाटलेले, आतला गूळ-नारळ बाहेर आलेला. कळ्या मी लगेच ओळखल्या. त्यात एक बसका, वेडावाकडा मोदक होता. तो माझ्या मुलीनं केलेला. दहा वर्षांची आहे ती.

बाहेरच्या खोलीत आरती होऊन गेली होती. पाहुणे प्रसाद खात होते. दुकानातून आणलेले खव्याचे मोदक. "उकडीचे फुटले गं सगळे," असं माझी मैत्रीण वृंदा पाच मिनिटांपूर्वीच मला म्हणाली होती.

फुटले नव्हते. टाकले होते.

मी झाकण परत लावलं. सगळ्यात आधी मी हेच केलं. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

मी अमेरिकन. म्हणजे पासपोर्ट अमेरिकन. जन्म खडकीचा, वडील कारखान्यात फिटर. गेली एकोणीस वर्षं ओहायोत, कोलंबसला राहते. हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. ज्यांना श्वास घेता येत नाही, त्यांच्या उशाशी मशीन घेऊन उभं राहायचं, हे माझं काम. दहा दिवसांची सुट्टी काढून मुलीला घेऊन लंडन बघायला आले होते. नवऱ्याला रजा मिळाली नाही.

वृंदा कोलंबसला नऊ वर्षं माझी शेजारीण होती. नवरा तिचा लंडनमध्ये वाढलेला. दोन वर्षांपूर्वी ते त्याच्या आईकडे पिनरला राहायला आले. मी येणार म्हटल्यावर तिनं फोनवर हट्टच धरला, "हॉटेल कशाला? गणपती आहेत. घरीच ये." माझा नवरा म्हणाला, "हॉटेलातच उतर." मी त्याला म्हटलं, "तू फार विचार करतोस."

वृंदाला माहीत होतं. कोलंबसमध्ये मी फक्त तिलाच सांगितलं होतं की आम्ही बौद्ध. तिथल्या मराठी मंडळात बाकी कुणाला पत्ता नव्हता. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. ऐकणारा आपल्याला हवं ते समजतो. मी समजू दिलं. मोदकसुद्धा मी आईकडून शिकले नाही. आमच्या घरी गणपती नव्हताच. कोलंबसला तीन वर्षं पीठ वाया घालवून शिकले. पुढे मंडळात कळ्या कुणाच्या चांगल्या, तर माझ्या. एवढा आटापिटा कशासाठी, हे स्वतःला कधी विचारलं नाही.

वृंदा आम्हाला स्टेशनवर घ्यायला आली. गाडीत मुलगी मागे खिडकीला नाक लावून बसलेली. वृंदा हळूच म्हणाली, "एक सांगू? आईंसमोर तेवढा विषय नको हं. जुन्या वळणाच्या आहेत. उगाच कशाला."

"कुठला विषय?"

मला कळलं होतं. पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुला माहितीये," ती म्हणाली आणि वळायचा इंडिकेटर दिला.

मी म्हटलं, "बरं."

एक शब्द. तेवढ्यानं मी माझ्या आईबापाला दाराबाहेर ठेवलं.

पहिले चार दिवस मात्र मजेत गेले, खोटं का बोलू. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "यू ऑलराइट?" मला वाटलं, मी आजारी दिसतेय की काय. मी तिला झोप लागली नाही इथपासून गुडघा दुखतो इथपर्यंत सगळं सांगितलं. ती बिचारी ऐकत राहिली. नंतर कळलं, इथे तो नुसता नमस्कार असतो. बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून माझी मुलगीही म्हणायला लागली. माझा धक्का लागला, तर सॉरी समोरचाच म्हणायचा. नाश्त्याच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ माझं बोलणं ऐकून म्हणाले, "ओह, यू आर अमेरिकन!" मी हो म्हटलं. विषय संपला.

मला विश्वासच बसेना. ओहायोत एकोणीस वर्षं मला विचारतात, मूळची कुठली? इथे तोंड उघडलं की अमेरिकन. त्यापुढे प्रश्न नाही. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आणि वृंदाच्या सासूबाई. सुमतीकाकू. वय शहात्तर. लग्न होऊन इकडे आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली. कौन्सिलच्या लायब्ररीतून रिटायर झालेल्या. माझ्या मुलीवर त्यांचा फार जीव जडला. तिचं मराठी ऐकून हसायच्या, प्रेमानं सुधारायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बागेत चहा पीत होतो. त्या आपणहून बोलायला लागल्या.

"सुरुवातीला मी एका फॅक्टरीत होते," काकू म्हणाल्या. "कॅन्टीनमध्ये मी डबा उघडला की शेजारच्या बायका उठून जायच्या. माझा कप वेगळा ठेवला होता त्यांनी. हँडलला लाल दोरा बांधलेला. म्हणजे चुकून दुसऱ्या कुणी त्यातून पिऊ नये."

बोलता बोलता त्यांनी दोन बोटांनी हवेत गाठ मारून दाखवली. डोळ्यांत पाणी. मी त्यांचा हात हातात घेतला. मीही रडले. मनात आलं, सांगून टाकावं. ही बाई समजून घेईल. पण वृंदाला शब्द दिला होता. गप्प बसले.

पाचव्या दिवशी गणपती. सकाळी वृंदा सारण करत होती, मी उकड मळून पाऱ्या करत होते. काकू खुर्चीवर बसून वाती वळत होत्या. मुलगी माझ्याशेजारी स्टुलावर उभी. तिनं एक मोदक केला आणि काकूंना दाखवला. "हे बघ, माझी मोदक!"

"माझा मोदक," काकू हसून म्हणाल्या. "आणि मित्रा हे तुझं पूर्ण नाव का गं?"

"नो. संघमित्रा."

काकूंचा हात थांबला. "छान आहे. कुणी ठेवलं?"

"आजोबांनी. त्यांच्या घरी बुद्धा आहे, मोठा. आणि ब्लू सूटवाला माणूसचा फोटो. त्याच्या हातात बुक आहे. आजोबा म्हणतात, तो नसता तर आपण कोणी शाळेत पण नसता गेलो."

कुकरची शिटी झाली. काकूंनी वाती ताटलीत ठेवल्या, उठल्या, वर गेल्या. मागोमाग वृंदा गेली. मी कळ्या पाडत राहिले. एक कळी चुकली नाही.

मोदक उकडून झाले, तशी वृंदा खाली आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जरा मित्राला पार्कात घेऊन जा ना. पाहुणे यायला वेळ आहे. बोअर होईल ती."

गेलो. पार्कात पाऊण तास झोके खेळलो. परत आलो तर चपलांचा ढीग दारात. आरती संपलेली.

"मुहूर्त टळत होता," वृंदा म्हणाली.

त्यानंतर तो डबा.

मी झाकण लावून हात धूत उभी होते. हाताला काही लागलं नव्हतं, तरी धूत होते. मित्रा आत आली.

"मॉम, माझी मोदक कुठे आहे? काकूआजी म्हणाली, तुटली."

मी बोलायच्या आत तिनं झाकण उघडलं. तिला नुसता कागदी नॅपकिन टाकायचा होता.

"हे ट्रॅशमध्ये का आहे?"

उत्तरं माझ्याकडे तयार होती. खाली पडले असतील. खराब झाले असतील. लहानपणी मैत्रिणीच्या घरी मला दारातच उभं करून पाणी द्यायचे. मी आईला विचारायची. आई म्हणायची, "त्यांच्याकडे पाहुणे असतील गं." रोज पाहुणे. वर्षभर पाहुणे. मी आठवीत जाईपर्यंत ते खरं मानलं होतं.

मी नळ बंद केला.

"आपण केले म्हणून टाकले," मी म्हणाले. "आपल्या हातचं देवाला चालत नाही, असं त्यांना वाटतं."

तिनं स्वतःचे तळवे बघितले. "पण मी सोप लावला होता."

मग मी तिला जात सांगितली. पहिल्यांदा. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, पाच-सहा वाक्यांत. आजोबा कुठून आले, त्यांचे वडील काय काम करायचे, निळ्या सुटातल्या माणसानं काय केलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू काकूआजीला सांग ना, हे राँग आहे. यू आर द ग्रोन-अप."

मोठी मी होते. खरंच.

मी बाहेरच्या खोलीत गेले. पंधरा-सोळा माणसं. हातात बशा.

"काकू, मोदक फुटले नव्हते."

काकूंनी वृंदाकडे पाहिलं. वृंदा समईशी वाकून वात सारखी करत होती. ती सारखीच होती.

"अगं, नैवेद्याचं सोवळ्यात लागतं," काकू म्हणाल्या. आवाज मऊच. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुम्ही लोक तर आता किती पुढे गेलात."

तुम्ही लोक.

"काकू, तुमचा कप वेगळा ठेवायचे, तेव्हा त्या बायका काय म्हणायच्या?"

"ते वेगळं होतं. ते रंगावरून होतं."

"आणि हे?"

सोफ्यावरचे एक काका म्हणाले, "आजच्या दिवशी नको हा विषय. लेट्स नॉट मेक अ सीन." चार दिवसांत मला या देशाचं एवढं कळलं होतं. कुणी रांग मोडली तरी लोक ओरडत नाहीत, घसा खाकरतात. त्या खोलीतही सगळे घसा खाकरत होते. मोदक टाकताना कुणाला तमाशा वाटला नव्हता. मी तोंड उघडलं, तो तमाशा.

कोपऱ्यात एक विशीतली मुलगी होती. इथेच जन्मलेली. तिनं आईला विचारलं, "व्हॉट हॅपन्ड? कोणी काय टाकला?"

"नंतर सांगते," तिची आई म्हणाली.

"मी सांगते," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध. त्याआधीचे महार. मी आणि माझ्या मुलीनं एकवीस मोदक केले. या घरानं ते कचऱ्यात टाकले आणि मला सांगितलं, फुटले."

मी तेच सगळं पुन्हा इंग्रजीत सांगितलं. कळलं नाही, असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. त्या मुलीनं हातातली बशी टेबलावर ठेवली. तिच्या आईनं ती उचलून परत तिच्या हातात दिली.

मी वर जाऊन बॅग भरली. दारात वृंदा आली. डोळे लाल.

"मी तुला आधीच सांगितलं होतं ना, विषय काढू नको म्हणून."

"हो," मी म्हटलं. "आणि मी ऐकलं. ती माझी चूक."

उरलेले दिवस पॅडिंग्टनजवळच्या एका छोट्या हॉटेलात काढले. खोली एवढीशी की बॅग उघडली की पाय ठेवायला जागा नाही. नवऱ्याला फोन केला. 'सांगितलं होतं ना' असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "मित्रा कशी आहे?" मित्रा प्रश्न विचारत होती. म्युझियममध्ये, बसमध्ये, जेवताना. मी एकही प्रश्न टाळला नाही. जे माहीत नव्हतं, ते माहीत नाही म्हणून सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी वृंदा हॉटेलात आली. एकटीच. मित्राचा रेनकोट राहिला होता, तो घेऊन. खालच्या लॉबीत बसलो.

"मला माफ कर," ती म्हणाली. "मला रात्र रात्र झोप नाही."

"मोदक टाकले तेव्हा तू तिथे होतीस?"

"हो."

"काय म्हणालीस?"

तिनं रेनकोटची घडी उलगडली, परत घातली. "काही नाही."

"मग माफी इथे नको मागूस. तिथे माग. काकू असतील, ते पाहुणे असतील, त्या खोलीत. मला बोलाव. मी तिकीट काढून येईन."

ती रडत गेली. मी तिच्या मागे गेले नाही. नऊ वर्षांचा शेजार होता, तिनं माझ्या बाळंतपणात मला डबे दिले होते. तरी नाही गेले.

वर खोलीत येऊन मी कोलंबसच्या मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. मराठीत. "आम्ही बौद्ध आहोत. एकोणीस वर्षं मी हे तुमच्यापासून लपवलं. यापुढे लपवणार नाही. आमच्या हातचं ज्यांना चालत नाही, त्यांनी तसं तोंडावर सांगावं." पाठवलं. दोघांनी अंगठा दिला. एकीनं ग्रुप सोडला. बाकीच्यांनी वाचलं, असं नुसतं दिसलं.

दिसू दे.

यापुढे कुणाच्याही घरात पाय ठेवण्याआधी मी कोण, हे मी सांगणार. मागून कळू देणार नाही. जिथे गप्प राहायची अट असेल, तिथे जाणार नाही, मग ते घर कितीही जवळच्या माणसाचं असो. त्यात माणसं तुटतील. तुटू देत. माझ्या आईनं मला जपण्यासाठी खोटं सांगितलं, तिला दुसरा मार्ग नव्हता. मला आहे. माझी मुलगी तिचं पूर्ण नाव सांगेल, मोठ्यानं, जो विचारेल त्याला. आणि सांगू की नको, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघणार नाही.